फ्रिज दुरुस्त करावा की बदलावा? आधी मागची बाजू पाहावी

गेल्या महिन्यात आमचा फ्रिज गार करीनासा झाला आणि घरात दोन पक्ष पडले. यजमानांचे म्हणणे, गॅस भरून घ्यावा. मुलाचे म्हणणे, बारा वर्षांचे यंत्र झाले, आता नवीनच आणावे. इंटरनेटवर सगळीकडे सापडणारा ठोकताळाही त्याच्याकडे तयार होता: दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल तर जुनी वस्तू सोडून द्यावी. ठोकताळा चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण देवगड तालुक्यातल्या आमच्या घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे, आणि एवढ्या एका कारणाने तो आमच्याकडे अपुरा पडतो.

किनाऱ्यावरच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि पत्र्यावर, नळ्यांवर, स्क्रूंवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते याच कारणाने. म्हणजे पावसाचा थेंबही न पडता वस्तूच्या मागच्या बाजूला खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, असा तो प्रकार असल्यामुळे ॲल्युमिनियम आधी झिजते. आमच्या माडीवरच्या एसीच्या पट्ट्या सहाव्या वर्षीच बोट लावताच भुगा होऊन खाली पडू लागल्या होत्या. सहा वर्षे हे कागदावर काही म्हातारपण नव्हे.

म्हणून वस्तू किती वर्षांची आहे हे विचारण्याआधी मी आता दुसरा प्रश्न विचारते: बिघाड सुट्या भागाचा आहे की गंज अंगात शिरला आहे? फ्रिजचा थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसरचा रिले, दाराचे रबर, आतला पंखा, हे सगळे बदलता येते आणि बहुतेक वेळा बदलावेच. बारा वर्षांच्या फ्रिजचे रबर बदलले तरी मला त्यात काही उधळपट्टी वाटत नाही. पण नळीच गंजून झिरपू लागली असेल तर नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आमचा मेकॅनिक भला माणूस आहे. त्याने फ्रिज भिंतीपासून ओढला, बॅटरी मारून मागची आणि खालची बाजू दाखवली आणि म्हणाला, “काकू, आज गॅस भरतो, गणपतीपर्यंत चालेल. दिवाळीपर्यंत चालेल असं मी लिहून देणार नाही.” यजमानांचा पक्ष तिथेच संपला.

नवीन घेताना आणखी एक गोष्ट कळली. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू असतो. प्रमाण शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असते, त्यामुळे वापरताना घाबरण्याचे कारण नाही. मात्र नळीत तो वायू असताना ज्योत लावून जोडकाम करणे धोक्याचे आहे. तेव्हा “फ्रिज काय, कोणीही दुरुस्त करील” ही जुनी समजूत सोडावी, आणि खरेदीपूर्वी आपल्या तालुक्यात हे काम जाणणारा माणूस कोण आहे हे विचारून ठेवावे. रत्नागिरीहून किंवा कणकवलीहून माणूस येणार असेल तर त्याच्या येण्याजाण्याचे पैसे हासुद्धा दुरुस्तीचाच खर्च असतो, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर तो पैसे देऊनही येत नाही.

छोट्या यंत्रांबद्दल माझा कल सरळ दुरुस्तीकडे आहे. रोज ओल्या खोबऱ्याचे वाटण करणाऱ्या घरात मिक्सरचे कार्बन ब्रश आणि कपलर झिजणारच. ते बदलून घेतले की यंत्र पुन्हा वर्षानुवर्षे चालते. साठवणीच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, जी टाकीऐवजी स्वतः गंजत जाते. ती संपली की टाकीची पाळी येते. ती वेळेवर बदलली असती तर आमचा पहिला गिझर बुडातून गळला नसता, असे मला आजही वाटते, कारण ती कांडी असते हेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

पंख्याचा हिशेब मात्र उलटा निघाला. साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे अडीचशे युनिट वाचतात. माजघरातला जुना पंखा धडधाकट असूनही मी बदलला, आणि त्याचे जरासुद्धा वाईट वाटले नाही.

आता विम्याकडे. दुकानात बिल करताना वाढीव वॉरंटीचा आग्रह होतोच. मला दाखवलेल्या कागदावर गंज, विजेच्या दाबातील चढउतार, उंदीर, पाली, कीटक आणि रबरी भाग, हे सगळे वगळलेले होते. कोकणातल्या घरात यंत्रे ज्या कारणांनी मरतात, नेमकी तीच कारणे गाळून उरलेल्याची हमी विकत घेण्यात मला अर्थ दिसला नाही. तेवढे पैसे मी पोस्टातल्या खात्यात वेगळे ठेवले.

घराच्या विम्याचे माझे मत नेमके उलट आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावरचा फ्रिज तरंगत दुसऱ्या खोलीत गेला होता. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, एका दिवसात सगळे गेले, आणि विमा कशाचाच नव्हता. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी ठेवणे बंधनकारक झाले. तिच्यात पूर, वादळ, आग, दरड यांपासून घराला संरक्षण मिळते, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, घरातील सामानही वस्तूंची यादी न देता त्यात येते. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर तरी आपल्याकडे घराचा विमा घरोघरी असायला हवा होता. मात्र दाब वाढून किंवा शॉर्टसर्किट होऊन एसीचे कार्ड, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, जळाले तर ‘भारत गृह रक्षा’ कामाला येत नाही. त्यासाठी नीट अर्थिंग करून घेणे आणि वळवाच्या गडगडाटात उठून प्लग काढणे हेच आपल्या हाती राहते. (पाल कार्डात शिरली तर काय करावे, याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.)

हे लिहीत असतानाच डोंबिवलीहून थोरल्या दिरांचा फोन आला. ते नवीन फ्रिज घेणार आहेत आणि जुना गणपतीला येताना टेम्पोत घालून गावी आणणार आहेत, “तिकडे चालेल की!” मुंबईकरांचे निवृत्त सामान कोकणात पाठवण्याची ही आपली जुनी रीत. दहा वर्षांची नळी घाटातले हादरे खात येणार, आणि फ्रिज आडवा ठेवून आणला तर कॉम्प्रेसरचे तेल पुन्हा खाली उतरेपर्यंत तो काही तास तरी उभा ठेवून मगच चालू करावा लागणार. मी म्हटले, “भावोजी, टेम्पोत चढवण्याआधी मागच्या नळ्यांचा आणि खालच्या पत्र्याचा एक फोटो पाठवा.” तीन दिवस झाले. सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो आले, फ्रिजचा अजून आलेला नाही.