फीड मेलं म्हणे!

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. त्याआधी तोच निपाणीच्या मावसभावाने पाठवला होता, आणि नंतर खानापूरच्या एका मास्तरांनीही. मेसेजचं म्हणणं एवढंच: आरएसएस फीड (म्हणजे साइटवर नवं काय आलं ते कळवणारी आपोआप बनणारी यादी) 2013 सालीच मेलं, आता आवडत्या साइटचं फेसबुक पेज फॉलो केलं की सगळं आपोआप दिसतं, फीड हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, ते डेटा खातं आणि मराठीत तर ते नाहीच.

मी रोज सकाळी चहाबरोबर फीडच वाचतो. मयताची बातमी मलाच सगळ्यांत उशिरा कळली म्हणायची.

आधी 2013 चं बघू. 1 जुलै 2013 ला बंद पडलं ते गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायचं एक ॲप. खडेबाजारातल्या एका पेपरवाल्याने दुकान आवरलं म्हणून छापखाने बंद पडत नाहीत. आरएसएस 1999 मध्ये नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीत जन्मलं, 2002 मध्ये त्याची 2.0 आवृत्ती आली, 2005 मध्ये ॲटम नावाचं त्याचं भावंड प्रमाण म्हणून ठरलं. यातलं काहीच कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे कुणी एकाने बटण दाबून ते बंद करायची सोयही नाही. मेसेज पाठवणारे आमचे मास्तर संध्याकाळी फिरताना कानात पॉडकास्ट लावतात. नवा भाग ॲपला कळतो तो बहुतेक वेळा आरएसएसमधूनच. आणि गंमत म्हणजे रीडर बंद करणाऱ्या त्याच गूगलच्या अलर्ट्समध्ये, म्हणजे आपण दिलेल्या शब्दावर काही नवं आलं की कळवणाऱ्या सेवेत, ‘ईमेलऐवजी फीड द्या’ हा पर्याय आहे.

आता फेसबुक पेजचं. इथे मला जरा थांबायचंय, कारण यात माझे हात पोळलेत. हिवाळ्यात आपल्याकडे बेळगाव भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावागावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्यातल्याच एका संमेलनाचं पेज मी फॉलो केलं होतं. कवीसंमेलनाच्या वेळेची पोस्ट मला दिसली तिसऱ्या दिवशी, मांडव उतरल्यावर. पोस्ट वेळेवरच टाकलेली होती, आयोजकांची काही चूक नाही. मला काय दाखवायचं आणि कधी, हे तिथलं गणित ठरवतं. फॉलो करणं ही त्या गणितात फक्त एक शिफारस. फीडमध्ये असा मधला माणूस नसतो. साइटने टाकलं की यादीत येतं, तारखेच्या क्रमाने.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. फोनला कळतं की मी कर्नाटकात आहे, मग तो बातम्या सुचवतो त्या बेंगळुरूच्या नाहीतर कन्नडमधल्या. मला कन्नड वाचता येतं, भाषेची तक्रार नाही. पण मला पुण्याचं एक मासिक, मुंबईचे दोन ब्लॉग, बेळगावच्या बातम्या आणि एक कन्नड शेतीची साइट, हे सगळं एका ताटात हवं असतं. असं ताट कुठलंच गणित वाढत नाही. त्यात नावाची भानगड वेगळीच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर शहर ‘बेळगावी’ झालं, मराठीत आपण ‘बेळगाव’च लिहितो, इंग्रजीत दोन्ही चालतात. मी प्रत्येक स्पेलिंगचा वेगळा अलर्ट लावून त्यांची फीड एका फोल्डरात टाकलीत.

‘मराठीत नाहीच’ हे तर धडधडीत खोटं. फीडला भाषा नसते. ती एक साधी फाइल असते: मथळा, दुवा, तारीख, थोडा मजकूर. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बहुतेक साइट ती न सांगताच बनवतात, मग मजकूर मराठी असो की तुळू. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि इंग्रजीत ‘फीड’ एवढं जोडून बघा. मराठी विकिपीडियाच्या ‘अलीकडील बदल’ पानालाही फीड आहे.

कॉम्प्युटरवाल्यांचं काम म्हणाल, तर फीडली किंवा इनोरीडर असं फीड वाचायचं ॲप (रीडर) उघडून साइटचा पत्ता डकवायचा, एवढंच. आमच्या आत्याला पाच मिनिटांत जमलं. रेल्वेचं तिकीट काढायला तिला अजून मी लागतो.

डेटाचं उत्तर छोटं आहे. रीडर साइटच्या सर्व्हरला विचारतो, ‘मागच्या वेळेनंतर काही बदललं का?’ नीट चालवलेली साइट नसेल बदललं तर ‘304’ (‘काही बदल नाही’ असा सांकेतिक आकडा) एवढंच कळवते, मजकूर पाठवतच नाही. फोटो बंद ठेवले की उरतो तो नुसता मजकूर. पावसाळ्यात खानापूरच्या पुढे जंगलात रेंज जाते, तेव्हा घरून निघताना उतरवून ठेवलेले लेख मी गाडीत वाचतो.

मेसेजला एका बाबतीत मात्र अर्धे मार्क द्यायला हवेत, खरं तर जे त्याने म्हटलंच नाही त्यासाठी. काही साइटनी फीड काढून टाकलंय, काही नुसत्या दोन ओळी देऊन ‘पुढे वाचा’ म्हणतात. सरकारी सूचनांच्या किती तरी पानांना फीड नसतंच, तिथे स्वतः जाऊन बघावं लागतं. आणि अख्ख्या दैनिकाचं फीड जोडायची चूक मी एकदा केली. दोन दिवसांत चारशेवर न वाचलेल्या बातम्या, त्यात निम्मं राशिभविष्य. ते काढलं, फक्त सीमाभागाच्या पुरवणीचं ठेवलं. आता सकाळी वीस-बावीस मथळे असतात आणि चहा गार व्हायच्या आत संपतात.