जिना कोणाकडे आहे?

आर्किटेक्टचं ऑफिस मुळात विस्मरणावर चालतं. दरवाजा डावीकडे उघडायचा की उजवीकडे, हे कोणी ठरवलं, कधी, कोणासमोर, याचा कधीच पत्ता लागत नसे. म्हणूनच तर आम्ही सगळे एकाच छताखाली गुण्यागोविंदाने नांदत होतो. साइटवर घोळ झाला की सर विचारायचे, "हे कोणी केलं?" मग आम्ही थोडा वेळ प्लॅन न्याहाळायचो आणि नोकरी सोडून गेलेल्या कोणाचं तरी नाव घ्यायचो. सोडून गेलेल्या माणसाइतका उपयोगी माणूस ऑफिसात दुसरा नसतो.

ट्रेसिंग पेपरच्या काळात शाईची रेघ ब्लेडने खरवडली की कागदावर धुरकट डाग राहायचा. काहीतरी बदललंय एवढं कळायचं, कोणी ते नाही. पुढे संगणकावर प्लॅन काढायचं ऑटोकॅड आलं (पहिली आवृत्ती 1982 ची) आणि तो डागही गेला. त्यानंतरचा आमचा सगळा इतिहास फाइलींच्या नावांत होता: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी पाहिलेलं', 'हेच वापरा'. यातलं साइटवर कुठलं गेलं, हे फक्त साइटलाच माहीत.

मग सरांनी क्लाउड घेतलं. सगळे कन्सल्टंट, क्लायंट, साइट इंजिनियर इमारतीच्या एकाच संगणकी मॉडेलवर, एकाच वेळी. शिकवायला आलेल्या तरुणाने आधी आयएसओ 19650 चा, म्हणजे इमारतीची माहिती कशी सांभाळायची याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, पाठ दिला. 2018 साली आलेल्या या मानकाप्रमाणे प्रत्येक फाइलला चार अवस्था असतात: काम चालू, इतरांना दाखवलेली, अधिकृत केलेली आणि जपून ठेवलेली. आमच्या फाइलींना आजवर पहिलीच अवस्था ठाऊक होती. इमारतीत लोक राहायला आले तरी आमचं काम चालूच. फाइलचं नावही आता मनाने द्यायचं नाही. प्रकल्प, कंपनी, मजला, प्रकार, शाखा, क्रमांक, सगळं संक्षेपात आणि मध्ये आडव्या रेघा. 'हेच वापरा' लिहायला जागा कुठेच नाही.

पण खरी गंमत मालकीची आहे. या मॉडेलमध्ये तुम्ही भिंतीला हात लावला की ती भिंत तुमची होते. तुम्ही सिंक करून, म्हणजे आपले बदल सगळ्यांच्या मॉडेलमध्ये पोचवून, ती सोडेपर्यंत दुसऱ्याला ती हलवता येत नाही; 'अमुक यांच्याकडे आहे, विनंती पाठवा' अशी पाटी येते. दोघांनी एकच भिंत दोन दिशांना ओढू नये म्हणून हे केलंय, आणि ते योग्यच आहे. फक्त त्यात माणसं रजेवर जातात हे धरलेलं नाही.

परवा संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या बदलून द्यायच्या होत्या. पाटी आली: जिना आमच्या एका सहकाऱ्याकडे आहे. तो रजा टाकून बसमध्ये बसलेला. विनंती पाठवली, ती त्याच्या बंद लॅपटॉपच्या दारात जाऊन उभी राहिली. शेवटी फोन केला.

"अरे, जिना तुझ्याकडे राहिलाय."

"नाही रे, मी सोडला ना!"

"नाही सोडलेलास. पहिल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतचा तुझ्याचकडे आहे."

"बघ नीट. मी फक्त कठडा घेतला होता."

हे सगळं तो भर बसमध्ये मोठ्याने बोलत होता. मागून कोणीतरी "देऊन टाका ना त्यांचा जिना" म्हणालेलं मला इकडे स्पष्ट ऐकू आलं. मग त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला, मोबाइलच्या नेटवर सिंक लावलं आणि बस घाटात शिरली. पुढचा तासभर जिना अधांतरी होता.

नोटिफिकेशनबद्दल फार बोलत नाही. प्लंबिंगवाल्यांनी पाइप जरासा सरकवला तरी लँडस्केपवालीला निरोप जातो. ज्याला जायला हवा तो म्हणतो, "बीममधून डक्ट गेलाय? मला कोणी सांगितलंच नाही." त्याने सगळे निरोप आल्या आल्या वाचलेले करून टाकलेले असतात. साइटवरचा सुपरवायझर मात्र या सगळ्यापलीकडे पोचलाय. त्याला टॅब दिलाय, तो कपाटात सुरक्षित आहे. तो भिंतीला चिकटवलेल्या प्रिंटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून विचारतो, "साहेब, हेच करू ना?" आणि तिरक्या, अर्ध्या सावलीतल्या त्या फोटोवर सर अंगठा दाखवतात. कोट्यवधी बिंदूंचं मॉडेल एका बाजूला, सरांचा अंगठा एका बाजूला. बांधकाम अंगठ्यावर होतं.

तरी हे चाललं असतं. मोडलं ते हिस्टरीमुळे.

क्लायंटसमोर मीटिंग होती. टॉयलेटचा दरवाजा उघडताना थेट बेसिनवर आपटत होता. सर म्हणाले, "आता पूर्वीसारखं नाही. कोणी केलं ते आत्ता कळेल." शिकवणाऱ्या तरुणाने मोठ्या पडद्यावर त्या फाइलची हिस्टरी उघडली. दरवाजा 150 मिलिमीटर सरकवला, बिजागरी फिरवली, रात्री 11 वाजून 47 मिनिटं. पुढे सरांचं पूर्ण नाव आणि गोल चौकटीत हसरा फोटो.

स्ट्रक्चरलवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. नोकरी सोडून गेलेल्यांपैकी कोणाचं नाव घ्यावं, तर जाणाऱ्याचं अकाउंट त्याच दिवशी बंद होतं. आता तीही सोय राहिली नाही.

"माझ्या लॉगिनवरून कोणीतरी केलेलं दिसतंय," सर म्हणाले.

हे अशक्य नव्हतं. सरांचा पासवर्ड त्यांच्याच मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. पण तरुण उत्साही होता. त्याने आणखी एक बटण दाबलं आणि त्या रात्री हा बदल सरांच्या स्वतःच्या टॅबवरून झाला, हेही दाखवलं. क्लायंट मॅडमना हे सॉफ्टवेअर फारच आवडलं.

मीटिंग संपल्यावर सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं.

"ही हिस्टरी पुसता येते का?"

"अ‍ॅडमिनला फाइल काढून टाकता येते, सर."

"वा!"

"फक्त कोणी काढली ते राहतं."