सोर्स कोड मिळवण्याचे खात्रीशीर उपाय

आमच्या विभागातलं एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने नमुन्यातली रसायनं ओळखणारं यंत्र, गेल्या महिन्यात बंद पडलं. म्हणजे मशीन ठणठणीत आहे हो, लेझर लागतो, डिटेक्टरही शाबूत. गेला तो पीसीचा मदरबोर्ड. विंडोज एक्सपीवाला. मायक्रोसॉफ्टने 2014 च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा सपोर्ट थांबवला तरी आम्ही त्याला पेन ड्राइव्हवर जगवत होतो. सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही, आणि कंपनी म्हणते, ते मॉडेल आता आमच्याकडे नाहीच. नवं घ्या, कोटेशन पाठवतो. तेव्हा कंपनीकडे सोर्स कोड, म्हणजे ज्यात फेरफार करून सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालवता येईल असा प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागायची हौस तुम्हालाही आली, तर चार गोष्टी सांगून ठेवतो.

मागायची योग्य वेळ म्हणजे शेवटचा हप्ता चुकता झाल्यानंतरची. बिल अडकलेलं असताना कंपनी पहिल्या रिंगला फोन उचलते. अशा वेळी कोणाला अडचणीत पकडणं बरं दिसत नाही.

डोंगल (तो पीसीला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) कपाटात, कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे, विभागप्रमुख नॅकच्या मूल्यांकनाच्या कामात.

सर्व्हिस इंजिनिअरला चहा पाजा. त्याच्याकडेही कोड नसतो.

ईमेलला उत्तर येईल, 'अवर इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी.' ते आदराने वाचा. गुपित केवढं मोठं आहे बघा! एफटीआयआरमध्ये एक आरसा पुढेमागे सरकतो, लेझरच्या आधाराने त्याची जागा कळते, डिटेक्टर आकडे देतो आणि त्या आकड्यांचं फूरिए रूपांतर होतं, म्हणजे त्यातून प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश किती ते गणिताने वेगळं काढतात. फूरिएंचं पुस्तक 1822 चं. ते रूपांतर झटपट करायची कूली आणि ट्युकी यांची रीत 1965 साली छापून आली, आज बीएस्सीचं पोरगं ती पायथनच्या एका ओळीत चालवतं. अपोडायझेशनची, म्हणजे त्या आकड्यांची टोकं हळूहळू शून्यावर आणायची, सूत्रं कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहेत. मग उरलं काय? 'आरशा, सरक' आणि 'आरशा, थांब' या कमांड! त्या कुलपात. आणि हो, आलेखाची तळरेषा आपोआप सरळ करणारं 'ऑटो बेसलाइन' नावाचं बटण. ते आत काय करतं हे विकणाऱ्याला ठाऊक नाही, वापरणाऱ्याला नाही, आणि व्हायव्हात एक्स्टर्नलने विचारलंच तर आमची पीएचडीची मुलगी काय सांगणार, 'सर, दाबलं'? याला आपण मोजमाप म्हणतो. शोधनिबंधात त्यावर तीन दशांश स्थळं छापतो!

असो. चिडायचं नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला लेझर प्रिंटरचा सोर्स कोड हवा होता. ज्याच्याकडे तो होता त्याने गोपनीयतेचा करार दाखवून नकार दिला. हा स्टॉलमन असा बिथरला की 1983 मध्ये त्याने ग्नू नावाची मुक्त सॉफ्टवेअरची अख्खी चळवळ काढली. तुम्ही असलं काही करू नका, पेपर तपासायचे राहतील.

फाइल फॉरमॅट स्वतः उकलून बघायचा मोह होईल. मायक्रोस्कोपवाल्यांनी तेच केलं आणि त्यांचं बायो-फॉरमॅट्स नावाचं सॉफ्टवेअर आज दीडशेहून जास्त फॉरमॅट वाचतं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम 52 सुद्धा, इंटरऑपरेबिलिटीसाठी, म्हणजे एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळावा म्हणून, लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती प्रोग्रॅममधून काढायची मुभा कायदेशीर वापरकर्त्याला देतं. फक्त आधी विद्यापीठाच्या विधी विभागाला विचारा. उत्तर येईपर्यंत हार्ड डिस्कही गेलेली असेल, प्रश्न आपोआप मिटेल.

नाही, आता सरळच बोलतो. अहो कंपनीवाले, मॉडेल तुम्ही विकत नाही, त्याचे सुटे भाग बनवत नाही, सर्व्हिस देत नाही. मग ते कुलूप राखताय कोणासाठी? अख्खा कोड नको, कमांडची यादी द्या, फाइल फॉरमॅटची चार पानं द्या. तेवढंही होत नाही, कारण चालू मशीन भंगारात गेलं की नवं खपतं. एवढीच तुमची इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी.

आणि आपण प्राध्यापक मंडळी? कंपनीला प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, म्हणजे 'हे मशीन फक्त यांच्याकडेच मिळतं' असा दाखला, आपणच लिहून देतो. टेंडरमध्ये यूपीएस मागतो, ट्रेनिंग मागतो, कलर प्रिंटर तर आठवणीने मागतो. मॉडेल बंद केल्यावर कोड किंवा प्रोटोकॉल उघडा कराल का, हे विचारायला जीभ उचलत नाही. लाज वाटायला हवी. करदात्याच्या पैशाने घेतलेलं मशीन आहे ते! पुढच्या आठवड्यात आमच्या एक्सआरडीची, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणाऱ्या यंत्राची, स्पेसिफिकेशन्स पर्चेस कमिटीपुढे जातायत. प्रिंटर आहे त्यात, कोडची ओळ नाही. ती मी घालतोय, आणि कंपनीला नाही म्हणायचं असेल तर लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, पैसे हातात पडायच्या आधी म्हणू दे.