एकही ओळ न लिहिता ज्ञानकोश कसा सांभाळावा

मालक, तुम्ही सोलापूरच्या पार्क चौकात उभं राहून कुणाचं काय चुकलं हे दोन तास न थांबता सांगू शकता, पण घरात कुणी ऐकत नाही, ऑफिसात तर नाहीच नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवरनं तुम्हाला काढून टाकलंय. मग एवढा गुण वाया का घालवताय? ज्ञानकोशात या की ओ. विकिपीडिया २००१ पासून चालू आहे, मराठीतला १ मे २००३ पासून, म्हणजे मुहूर्तसुद्धा महाराष्ट्र दिनाचा. कुणीही यावं, कुणीही लिहावं असं तिथं दारावरच लिहिलंय, आणि ‘कुणीही’ खरंच यायला लागलं की त्यांना बाहेर काढायला कुणीतरी लागतंच. ती जागा तुमची. पगार नाही, पण पगाराच्या किती नोकऱ्यांमध्ये माणसाला एवढी सत्ता मिळते सांगा बघू.

पहिली गोष्ट, लिहायचं नाही. लिहिलं की चूक सापडते, चूक सापडली की दुसरा बोलतो, आणि बोलणारा तुम्ही असायला पाहिजे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२९ च्या दरम्यान ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तिकडं वाईला लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी विश्वकोशासाठी आयुष्य घातलं, आणि एवढं करून लोक त्यांच्यात काय शोधतात तर चुका. तुम्ही शहाणे आहात. तुम्ही खातं काढा, त्याला जरा भारदस्त नाव द्या, ‘ज्ञानरक्षक’ वगैरे, आणि थेट ‘अलीकडील बदल’ उघडून बसा. आता कोण काय लिहितंय ते बघत राहायचं आणि काढत राहायचं. मोजणीत काय, लेख लिहिला तरी एक संपादन, दुसऱ्याचा लेख उडवला तरी एकच संपादन, आणि या दुसऱ्या कामाला तीन सेकंद लागतात. वर्षभरात तुमच्या नावावर हजारो संपादनं जमतील, मग प्रचालकपदासाठी, म्हणजे पानं काढायचा नि माणसं ब्लॉक करायचा अधिकार असतो त्या जागेसाठी, अर्ज टाका, लोक म्हणतील माणूस फार ॲक्टिव्ह आहे.

आता हत्यारं. सगळ्यात गुणाचं हत्यार म्हणजे ‘संदर्भ हवा’. मूळ नियम चांगलाच आहे, ते मान्य करायला पाहिजे, माणसानं ऐकीव गोष्टी ज्ञानकोशात ढकलू नयेत म्हणून केलेला. पण नियम चांगला असला की तो वापरणाऱ्याकडं कुणी संशयानं बघत नाही, हाच तर फायदा.

समजा आपल्या पूर्व भागातला एक पोरगा आलाय. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मामानं उभी हयात जेकार्डच्या मागावर काढलेली. त्यानं सोलापुरी चादरीचा लेख उघडला, बघितलं तर लेखात काय, चादर प्रसिद्ध आहे, तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, संपलं. पोरगं रात्री बसून मोबाईलवर टाईप करतंय की पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात, त्या पट्ट्या दोरीनं एकापुढं एक ओवलेल्या असतात, एक पट्टी म्हणजे बाण्याचा, आडव्या धाग्याचा, एक फेरा, भोक असेल तिथली सुई आत जाते नि तिथला हूक वर उचलला जाऊन ताण्याचा, म्हणजे उभ्यातला, तेवढाच धागा वर येतो, भोक नसेल तिथला खालीच राहतो, आणि असं पट्टीमागनं पट्टी जात चादरीवर फुलं उठतात, म्हणून डिझाईन बदलायचं म्हणजे मागाला हात लावायचा नाही, पट्ट्यांची सगळी माळच बदलायची. लिहिताना त्यानं एका जागी ‘तो माग’ऐवजी ‘ती माग’ लिहिलंय.

इथं तुम्ही काय करायचं? ‘ती’चं ‘तो’ करायचं? अजिबात नाही बे! असं केलं तर लेख सुधारेल आणि पोरगं टिकेल. तुम्ही सगळा परिच्छेद उलटवायचा, म्हणजे एका बटणात पान होतं तसं करायचं, आणि सारांशाच्या चौकटीत लिहायचं, ‘संदर्भहीन मजकूर, अशुद्धलेखन, स्वतःचे संशोधन.’ तो विचारणार, मामाला विचारून लिहिलंय, मामा समोर बसलाय, फोन देऊ का? तुम्ही म्हणायचं मामा हा विश्वासार्ह स्रोत नाही. मग त्याच मामाला एखाद्या पुरवणीवाल्यानं भेटून चार ओळी छापल्या, त्यात ताण्याला बाणा आणि बाण्याला ताणा लिहिला, तर तो मात्र संदर्भ. तो लावा. छापलेलं आहे.

आणि पुरवणीवाल्यानं ते कुठनं घेतलं हे विचारू नका. बहुतेक वेळा त्यानं ते विकिपीडियावरनंच उचललेलं असतं, मग तेच कात्रण विकिपीडियाला संदर्भ म्हणून लागतं आणि गोल पूर्ण होतो. इंग्रजी विकिपीडियावर तर एका स्कॉटिश माणसानं इलेक्ट्रिक टोस्टर शोधला अशी थाप कुणीतरी गमतीनं घातली होती, ती जवळजवळ दहा वर्षं टिकली, पुस्तकांत गेली, बातम्यांत गेली, २०२२ मध्ये कुठं उघडी पडली. तोवर संदर्भ भरपूर होते हो तिला! मामाकडं एकही नाही.

दुसरं हत्यार, उल्लेखनीयता, म्हणजे हा विषय लेख लिहिण्याएवढा मोठा आहे का हा प्रश्न. हे वापरताना चेहरा गंभीर ठेवायचा. डोना स्ट्रिकलंड नावाच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञ बाई, लेझरवर काम, मे २०१८ मध्ये कुणीतरी त्यांच्यावर लेखाचा कच्चा मसुदा टाकला तर तपासणाऱ्यानं परत पाठवला, का तर बाई उल्लेखनीय असल्याचं दिलेल्या संदर्भांवरनं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता काही लोक यावर हसतात, पण तुम्ही त्यातनं योग्य तो धडा घ्या, की पाच महिने तर अडवता आलं ना? आपल्याकडं तर नोबेलचीही भीती नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर कुणी लिहिलं, सात नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, होम मैदान, तर खाली विचारा, ‘ही यात्रा महाराष्ट्रस्तरीय आहे काय?’ संक्रांतीला अख्खं गाव पांढऱ्या कपड्यात रस्त्यावर असतं, पण गाव हा प्राथमिक स्रोत झाला, चालत नाही. तुम्ही स्वतः दरवर्षी जाता तो भाग वेगळा, तिथं तुम्ही भक्त म्हणून जाता, प्रचालक म्हणून नाही.

उलटवाउलटवीचा विषय निघालाच आहे तर एक प्रॅक्टिकल गोष्ट. इंग्रजीत नियम आहे की एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही, नाहीतर खातं गोठतं. हा नियम मुख्यतः समोरच्यासाठी असतो. त्याला चौथ्या वेळेपर्यंत आणणं ही खरी कला, आपण दोन वेळा उलटवायचं, तिसऱ्या वेळी मित्राला सांगायचं, समोरचा एकटा असतो तो आपोआप चारवर जातो. फक्त एक पथ्य पाळा, ज्या दिवशी पाण्याची पाळी आहे त्या दिवशी असलं काही सुरू करू नका. किती दिवसाआड येणार, किती वाजता सुटणार याचा भरवसा नाही, तुम्ही ऐन रंगात आलेले असता, खालनं बायको ओरडते पाणी आलंय ओ, मोटर लावा, तुम्ही टाकी, बॅरल, पातेली, घागर सगळं भरून वर येईपर्यंत समोरच्यानं पान पुन्हा जागेवर आणून वर दोन संदर्भ पण चिकटवलेले असतात. असा चांगला डाव हातातनं जातो.

खरा उत्पात झाला, कुणी मुद्दाम चुकीचं घुसडलं, तर काय करायचं, असं नवीन लोक विचारतात. म्हणजे समजा चार हुतात्म्यांच्या लेखात कुणी १२ जानेवारी १९३१ चं गुपचूप १९३२ केलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, येरवड्यात फाशी, तारीख सोलापुरातल्या शाळेतल्या पोराला पण पाठ, चार पुतळ्यापाशी दरवर्षी हार पडतात. तर असल्या गोष्टीच्या मागं लागू नका. त्याला विषय माहिती असायला लागतो, तपासायला लागतं, आणि वाद तर होतच नाही, कारण बदलणारा कधीच पळालेला असतो. वाद नाही तर मजा काय? त्यापेक्षा त्याच लेखात कुणी ‘थोर’ लिहिलंय का बघा, ‘हा लेख तटस्थ नाही’ अशी सूचनेची पाटी, म्हणजे तटस्थतेचा साचा, वर लावा, आणि खाली चार दिवस चर्चा चालवा. साल ३२ च राहू दे तोवर.

आता जरा लांबचा विचार. एकटा माणूस किती पुरणार, म्हणून आपली माणसं गोळा करा. क्रोएशियन विकिपीडियावर एका टोळीनं हे फार पद्धतशीर केलं होतं, प्रचालक आपले, विरोधात बोलणारा ब्लॉक, दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांची पानंसुद्धा गुळगुळीत करून टाकलेली, जवळजवळ दशकभर चाललं, २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनचा अहवाल आला तेव्हा कुठं जगाला नीट कळलं. लहान भाषेत ही सोय असते, माणसं कमी, वाचून तक्रार करणारी त्याहून कमी. स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया बघा, हजारो लेख एका अमेरिकन पोरानं लिहिलेले, त्याला ती भाषाच येत नव्हती, २०२० पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पोरगं निदान काहीतरी चांगलं करतोय असं समजून राबत तरी होतं, तुम्हाला तेवढं पण करायचं नाहीये. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत हे खरं, पण त्यातले रात्री अकराला चर्चा पान वाचणारे किती, आणि वाचून उत्तर देणारे किती, हे तुम्ही एकदा चावडीवर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, चक्कर मारून बघा, मग तुम्हाला धीर येईल.

चावडीवरनं आठवलं. कधीतरी तुमच्याविरुद्ध तक्रार होणार, ते धरूनच चाला. चावडीवर कुणी विचारलं की माझा मजकूर का काढला, तर म्हणायचं हे चर्चा पानावर मांडा. चर्चा पानावर मांडलं की म्हणायचं हा धोरणाचा विषय आहे, चावडीवर न्या. दोन फेऱ्यांत माणूस गार होतो. तरी नाहीच झाला तर विचारायचं, ‘आपण सद्भावना गृहीत धरत नाही आहात काय?’ सद्भावना गृहीत धरायचा नियम खरंच आहे, आणि तो नेमका नवख्या माणसाशी कसं वागावं यासाठीच केलेला आहे, पण नवख्यानं नियम कुठं वाचलेत. शेवटचा उपाय म्हणजे त्याला धूळपाटी नावाच्या सरावाच्या पानावर सराव करायला सांगा. दोन दिवस करेल, तिसऱ्या दिवशी दिसणार नाही. मग तिमाहीला एकदा चावडीवर स्वतःच पोस्ट टाका की मराठी माणूस ज्ञाननिर्मितीत मागं का, तरुण पिढीला गांभीर्य नाही, इत्यादी, आणि खाली आपल्या तिघाचौघांचे हात जोडलेले ईमोजी येतात.

त्या पूर्व भागातल्या पोराचं विचाराल तर ते काय रडत बसलेलं नाही. त्यानं मामाच्या मागाचे रील टाकायला सुरुवात केलीय, पट्ट्यांची माळ गोल फिरतीय, हूक वर-खाली होताहेत, मागं खडखडाट आणि त्यावर मामा तेलुगू-मराठीत एकदम ओरडून समजावतोय, खाली इचलकरंजीवाले नि मालेगाववाले आपापल्या मागाचं सांगताहेत. तुम्ही तिथं जाऊन ‘संदर्भ?’ अशी कमेंट टाकू शकता, कुणी अडवणार नाही. फक्त उलटवायचं बटण तिथं मिळत नाही मालक, तेवढं सांभाळून घ्या.