खुलासा: ‘सुंदर ते ध्यान’ मुक्तछंदात नाही

तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान’ या अभंगात ओळींच्या शेवटी यमक जुळत नाही, मात्राही (आखूड उच्चाराच्या अक्षराची एक, लांब उच्चाराच्या अक्षराची दोन) कमीजास्त होतात, म्हणून तो मुक्तछंद, म्हणजे ठरलेले माप नसलेली रचना, असे सांगणारा मजकूर विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. ते चूक आहे.

हा ‘मोठा अभंग’ या छंदातला आहे; त्यात चार चरण, म्हणजे चार तुकडे, असतात. त्यात मात्रा मोजायच्या नसतात, अक्षरे मोजायची असतात. सुंदर ते ध्यान (६), उभे विटेवरी (६), कर कटावरी (६), ठेवोनिया (४). मात्रा मोजल्या तर ९, ९, ८, ७ येतात आणि इथेच गोंधळ होतो. यमक असते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात: विटेवरी, कटावरी. छापताना दोन-दोन चरण एका ओळीत येतात, त्यामुळे ते ओळीच्या पोटात जाते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोठ्याने म्हणा, लगेच कानावर येईल.

पुढच्याच कडव्यात ‘तुळसीहार गळा’ सात अक्षरांचे आहे, हे खरे. पण अभंग गायचा असतो. असे जास्तीचे अक्षर चालीत सहज सामावते. तेवढ्याने छंद मोडत नाही.

‘जे का रंजले गांजले’ हा मात्र छोटा अभंग: आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि यमक शेवटी, ‘गांजले’ला ‘आपुले’.