नकाशा शिकायला खारघरची टेकडी पुरते

थंडी पडली की ट्रेकच्या ग्रुपांवर तेच सुरू होतं. कलावंतीण, हरिश्चंद्रगड, बसमध्ये दोन सीट शिल्लक, नाश्त्याला पोहे. जायला माझी ना नाही. पण पुढच्याची सॅक बघत रांगेत चढणाऱ्याला वाट शोधता येत नाही, हे एकदा स्पष्ट बोलायला हवं. दगडांवर बाण, मोबाइलमध्ये कुणीतरी चालून ठेवलेला ट्रॅक आणि पुढे लीडर. मग डोकं चालवायचं कधी?

शिकायचंच असेल तर आडवार निवडा आणि जिथे सेल्फीला कुणी जात नाही अशी टेकडी. नवी मुंबईकरांना खारघरची टेकडी आहे. (ठाणेकरांनो, येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे मनाला येईल तसं रानात घुसायचं नाही.) पांडवकडा धबधब्यावरची पावसाळी जत्रा संपलेली असते. वर चाफेवाडी-फणसवाडीकडे रस्ता गेलाय, म्हणजे अंदाज चुकला तरी रस्त्याला लागता येतं. वर सोडतात का, ते मात्र आधी विचारून घ्या.

थंडीच का? नकाशाची खरी गरज पावसाळ्यात, ढग खाली उतरल्यावर. पण तेव्हा समोरचं काही दिसतच नाही, तर ताडून कशाशी बघणार? आता गवत वाळलंय. डोंगराची सोंड कुठून उतरते, ओढा कुठे वळतो, सगळं उघडं आहे. कागदावरची कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) आणि समोरची जमीन एकमेकांशी जुळवायला हेच दिवस.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. दोन कंटूरमध्ये उंचीचा फरक २० मीटर. यात एक गोम आहे. १५ मीटरचा सरळ कातळ दोन रेषांच्या मधे लपू शकतो आणि नकाशावर दिसतही नाही. पाच मजली इमारत गायब! सह्याद्रीत असे टप्पे पावलोपावली आहेत, म्हणून ‘नकाशात उतार सोपा दिसतोय’ यावर कधीच विसंबू नका.

माझा आवडता धडा पठारावरचा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे मलंगगड, समोर थोडा उजवीकडे प्रबळगडाचं लांबलचक पठार, आणि पार उजवीकडे दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. होकायंत्राने तिघांचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन घ्या, साधारण ६०, ११५ आणि १६० अंशांच्या आसपास येईल. प्रत्येकात १८० मिळवा आणि त्या त्या शिखरापासून नकाशावर रेघ ओढा. तीन रेघांचा जो छोटा त्रिकोण होतो, त्यात किंवा त्याच्या आसपास तुम्ही आहात. त्रिकोण भलामोठा आला तर कुठलं तरी शिखर चुकीचं ओळखलंय. चंदेरीच्या सुळक्याला मलंगगड समजणारे बरेच भेटतात. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ती आकडेमोड वाचते. फक्त होकायंत्र खडकावर टेकवू नका. आपल्या काळ्या पाषाणात लोहखनिज असतं, काटा हलू शकतो. मोबाइलही लांब ठेवा. सॅकच्या तळाशी टाका, शेवटी उत्तर तपासायला काढा.

धुरकं असेल तर शिखरं दिसणार नाहीत, घरी परत. थंडीतही रोज हवा साफ नसते.

आणि ढोरवाटा. सुरुवातीला ऐसपैस, पायाखाली मळलेल्या, आणि झुडपात शिरल्या की चार फाटे. वर एका मावशींनी आम्हाला थांबवलं होतं, “तिकडं कुठं? ती गुरांची वाट, पान्यावर जाते.” नकाशात ती वाट नव्हतीच. विचारायला लाजू नका. फक्त आधी स्वतः अंदाज बांधा, मग विचारा.

वेळेचा हिशोब घरीच करा. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला ढोबळ नियम आहे: ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे ४ किलोमीटर आणि २०० मीटर चढ असेल तर सत्तरएक मिनिटं. आपलं ऊन, घसारा (पायाखाली सरकणारी माती-खडी) आणि पाठीवरचं तीन लिटर पाणी धरून मी दीडपट करतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि मग अंधार पटकन होतो.

जानेवारीत मधल्या वारी जायचा विचार आहे. चारच जण, स्पीकरवाल्यांनी येऊ नये. वाळल्या गवतात बिडी-सिगारेट चालणार नाही. नकाशाची प्रिंट ज्याची त्याने आणायची, माझ्यात डोकावलेलं चालणार नाही. मेसेज करा.