दुसरी वेलांटी आणि टिकल्यांचे पाकीट

कन्येला शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असे आम्ही उभयतांनी ठरवले तेव्हा डोंबिवलीतल्या आणि डोंबिवलीबाहेरच्या समस्त नातेवाइकांनी तिला मैत्रिणी कशा मिळणार, दहावीचे काय आणि स्नेहसंमेलनात ती नाचणार कुठे, असे सगळे प्रश्न विचारले; परंतु दुसरी वेलांटी कुठे द्यायची हे मुलीच्या बापाला ठाऊक आहे का, एवढे मात्र कोणी विचारले नाही. दहावीचे उत्तर तयार होते, कारण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा रोज शाळेत न जाताही देता येते. वेलांटीचे उत्तर नव्हते.

आमच्या वेळी 'शुद्धलेखन' या शब्दाचा अर्थ धड्यातल्या दहा ओळी रोज उतरवून आणणे, एवढाच होता. बाई त्या दहा ओळींवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तांबडी रेघ ओढत, आणि त्या रेघेच्या छत्राखाली मी वर्षानुवर्षे 'दिर्घ' असेच लिहीत आलो.

कन्येच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही, म्हणून मी दुरेघी वही आणली आणि रोज सकाळी दहा वाजता पाच ओळी उतरवण्याचा रिवाज घातला. आठवडाभराने माझ्या लक्षात आले की तिच्या वहीत पहिली वेलांटी जवळजवळ नामशेष झाली आहे. 'दीवस', 'कीती', 'वीचार'. कारण शोधण्यासाठी मी शेजारी बसलो, तेव्हा तिची कामाची पद्धत दिसली. ती आधी ओळीतली सगळी अक्षरे मांडत असे, मग पट्टी घेऊन एका दमात शिरोरेघा ओढत असे आणि सर्वांत शेवटी, भेळेवर शेव भुरभुरावी तशा, काना, मात्रा आणि वेलांट्या टाकत असे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते आणि तिथे जागाच उरलेली नसे. दुसरी मागून कशीही घुसते. व्याकरणाचा येथे काही संबंध नव्हता, प्रश्न केवळ जागेचा होता, आणि डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला त्यावरून बोलणे मला प्रशस्त वाटेना.

मग मी श्रुतलेखनाकडे वळलो. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचे म्हणणे असे, की उतारा मुलाने आधी डोळ्यांखालून नीट घालावा आणि मगच तो त्याला सांगून लिहवून घ्यावा. तरीही शब्द चुकलाच, तर त्यावर लगेच डिंकाच्या कागदाचा तुकडा चिकटवावा, म्हणजे चुकीचे रूप डोळ्यांत ठसत नाही. डिंकाचा कागद घरात नव्हता, म्हणून मी बायकोच्या टिकल्यांचे पाकीट घेतले. पहिल्याच दिवशी वहीचे पान हळदीकुंकवाला निघाल्यासारखे दिसू लागले. शिवाय मेसनबाईंना वेलांट्यांशी झुंजावे लागले नव्हते. टिकली दिसताच कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, वेलांट्या दोनच आहेत. ही चुकली म्हणजे ती दुसरी."

खरी फजिती पुढेच होती. लिहिताना आपण जी वेलांटी काटेकोरपणे मोजतो, ती बोलताना कोणीही मोजत नाही; म्हणजे श्रुतलेखनात जे ऐकून लिहायचे, ते मुळात माझ्या तोंडून निघतच नव्हते. मग मी ते अभिनयाने काढू लागलो. 'फूल' म्हणताना माझी हनुवटी वर जाई, 'फुलाला' म्हणताना ती छातीला टेके. चार दिवसांत तिचे दहापैकी दहा शब्द बरोबर येऊ लागले आणि मी घरभर मिरवलो. पाचव्या दिवशी खाली भाजीवाला आला म्हणून मी खिडकीकडे तोंड करून सांगितले, तर दहापैकी तीन! पुढे एकदा 'आणि' सांगताना मला जांभई आली, आणि तिने विश्वासाने 'आणी' लिहिले.

शेवटी नियमांना शरण जावे लागले. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ आणि १९७२ सालचे ४, असे एकूण १८ नियम मी भिंतीवर लावले आणि त्यांच्याकडे वारंवार चोरून पाहत शिकवू लागलो. शेवटची वेलांटी दुसरी, अपवाद 'आणि' व 'नि', हे तिने मान्य केले. 'चूल'चे 'चुलीला' होताना ऊ का आखडतो, असे तिने विचारल्यावर मी सांगितले की प्रत्यय हा पाहुणा असतो, तो आला की घरच्यांनी अंग चोरून जागा करायची. हे तिला चटकन पटले. "मग शरीराला?" "तो तत्सम शब्द. तो कुणासाठी सरकत नाही." "तत्सम कसा ओळखायचा?" "संस्कृत आले की कळतो." "संस्कृत कधी?" "आठवीत." "मग 'शरीराला' मी आठवीतच लिहीन," असे म्हणून तिने वही मिटली.

अप्पा, म्हणजे माझे वडील, हे सारे झोपाळ्यावरून ऐकत असत. त्यांची प्राथमिक शाळा १९६२ पूर्वीच आटोपली होती, त्यामुळे तांदळातले खडे निवडावेत तशी जी न उच्चारली जाणारी अनुस्वारांची टिंबे त्या साली निवडून फेकली गेली, ती त्यांच्या लेखी अजून जागच्या जागी आहेत. नातीच्या वहीत 'नाही' दिसले की ते हळूच पेन्सिलीने टिंब देत.

गेल्या रविवारी कन्येने फर्मावले की आता ती सांगणार आणि आम्ही दोघांनी लिहायचे. तिने आमच्याकडे पाठ केली, हनुवटी मुळीच हलू दिली नाही, आणि सपाट आवाजात पाच वाक्ये सांगितली. 'विद्यार्थिनी' या शब्दात माझी थ-वरची वेलांटी चुकली आणि एकूण अकरा टिकल्या खर्च झाल्या. मग तिने अप्पांची वही उचलली. 'नाहीं', 'कांहीं', 'कां' हे शब्द तिने बराच वेळ निरखून पाहिले आणि पाकीट मिटून विचारले, "आजोबा, चुकलेल्या शब्दांवर तुम्ही आधीच टिकल्या लावून ठेवल्यात का?"

अप्पांनी चष्मा पुसला आणि पुढचे वाक्य मागितले.